पाव वळसा

४ फेब्रुवारी

मोजपट्टीस,

ताईचा आशीर्वाद. मोजून घे, कमी भरला तर कळव.

तुमच्या वर्कशॉपची गाडी आज आली आहे. फुटलेला पाइप न्यायला. डोंगराआड फोन लागत नाही आणि पोस्टमनला इथला चढ झेपत नाही, तेव्हा तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी काहीतरी मोडायची वाट बघायची. मोडलं की गाडी येते, गाडी आली की पत्र जातं. बहीण-भावाचं प्रेम मोडक्यावर चाललंय म्हण.

काम ह्यांचं आहे. हे सांगताहेत, मी लिहिते आहे. ब्रेकरची छिन्नी खुळखुळते. मला त्यातलं काय कळणार! पोकलेनच्या सोंडेला बादली काढून तो ब्रेकर लावतात, त्याची मांडीएवढी छिन्नी दिवसभर दगडावर आदळते, आणि संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला दोनदा हाक मारावी लागते, एवढं मला कळतं. हे म्हणतात, खालचा बुश झिजलाय. मालकाकडे नवा मागितला. मालक म्हणाला, "चालतंय तोवर चालव. सासुरवाडीहून आणलाय का ब्रेकर, एवढी काळजी करायला?"

घरी येऊन हे मला म्हणाले, "सासुरवाडीचा फिटर तर आहे! इंजिनियरसाहेबांना विचार."

तर इंजिनियरसाहेब, उपाय सांगा. दगड कसला, काम कुठल्या बाजूला चालू आहे, तेही लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नेहमीचंच आहे. तेवढंच लिही." हल्ली दमून येतात.

खाणीवरच्या खोलीचं विचारलं होतंस. मालकाने पत्रा बदलून दिला. धूळ तीच. काल कपाटातली घडीची साडी झटकली तर शेजारीण शिंकली. पण काम आहे तोवर छप्पर आहे, तक्रार नाही.

जेवत जा. तिथल्या बाकड्यावर झोपू नकोस.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताई आणि भाऊजींना नमस्कार.

पत्र मिळाले. भाऊजींना सावकाश वाचून दाखव आणि जिथे समजले नाही असे वाटेल तिथे परत वाच.

बुश म्हणजे पोलादाची जाड कडी. छिन्नी तिच्यातून वर-खाली होते. कडी झिजली की छिन्नी आत तिरकी होते, तिरक्या छिन्नीवर पिस्टन आदळला की छिन्नी तुटते, आणि कधी कधी ब्रेकरचे पुढचे अंगही तडकते. म्हणून भाऊजींना काळजी वाटते ती बरोबर आहे. आधी छिन्नी एका बाजूला रेटून दुसऱ्या बाजूची फट मोजा. करंगळी आत जात असेल तर काहीही करू नका, ब्रेकर थांबवा आणि नवा बुश मागा. जात नसेल तर जुनाच थोडे दिवस चालवता येईल.

बुश सगळीकडून सारखा झिजत नाही. छिन्नी ज्या दिशेला रेटली जाते त्या समोरासमोरच्या दोन बाजूच झिजतात. म्हणून पिन काढून बुश पाव वळसा फिरवायचा आणि परत बसवायचा. न झिजलेल्या बाजू कामाला येतात. आमच्याकडे सगळे असेच करतात.

एक गोष्ट विसरू नका. फिरवण्याआधी बुशाच्या कडेवर, पुढच्या बाजूला, खुणेच्या टोकदार पंचने एक ठिपका मारा. ठिपका नसेल तर नंतर बघणाऱ्याला बुश फिरवला होता हे कळत नाही आणि तो सगळे उलटे वाचतो. कारण बुशावरून ऑपरेटरचा हात वाचता येतो. पुढे-मागे झिजला असेल तर ऑपरेटर छिन्नी पहारीसारखी वापरून दगड उचकटतो. डाव्या-उजव्या बाजूंना झिजला असेल तर मशीन उतारावर कलते उभे करून काम घेतले आहे. आमचे उस्ताद म्हणतात, माणूस खोटे बोलेल, बुश बोलणार नाही.

आणि ग्रीस मारताना छिन्नी दगडावर टेकवून, दाबून, पूर्ण आत बसवा. लटकत्या छिन्नीत ग्रीस मारले तर ते पिस्टनखाली जाऊन बसते आणि सील फुटते.

फिरवला की मला नक्की कळवा. कुठल्या बाजू झिजल्या होत्या तेही कळवा. मला इथे उगाच घोर लागतो.

मी बाकड्यावर झोपत नाही. बाकड्याखाली झोपतो, तिथे वारा कमी लागतो.

तुझा धाकटा


२ मार्च

ती. ताई,

हे पत्र मालकांच्या ड्रायव्हरकडे देत आहे. ते वाचायच्या आधी थोडी शांत बस.

आज सकाळी तुमचे मालक जीप घेऊन आमच्याकडे आले. मोडका ब्रेकर मागून गाडीने येतो आहे म्हणाले. छिन्नी तुटली आणि पुढचे अंग उभे तडकले, हे त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी गोणपाटात बांधून फक्त बुश आणला होता. मुकादमाने तो काढताना पुढच्या बाजूला खडूची रेघ मारली होती. उस्तादांच्या टेबलावर तो ठेवून मालक म्हणाले, "सांगा, चूक कोणाची?"

उस्ताद हात पुढे करणार तोच मालक म्हणाले, "तुम्ही नको. ह्याला सांगू दे. ऑपरेटर ह्याचा भाऊजी आहे. हा जे बोलेल त्यावर खाणीत कोणी तोंड उघडणार नाही."

सगळे वर्कशॉप माझ्याकडे बघत होते. वेल्डरने काच वर केली होती. मी बुश हातात घेतला आणि आतून बोट फिरवले. रेघेच्या बाजूला खोल चर होता आणि बरोबर तिच्या समोर दुसरा. आडव्या बाजू जवळजवळ कोऱ्या होत्या. तुम्ही काहीच कळवले नव्हते, म्हणजे बुश फिरवला नसणार असे मी धरले.

ताई, मी काय करायला हवे होते? "नीट कळत नाही" म्हणालो असतो तर सगळे म्हणाले असते, मेहुण्याने मेहुण्याला झाकले. मी म्हणालो, "पुढे-मागे झिजलाय. छिन्नीने उचकटलंय."

मालक म्हणाले, "नक्की?"

मी म्हणालो, "बुश खोटं बोलत नाही."

उस्ताद काही बोलले नाहीत. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "असा माणूस पाहिजे. नातं बाहेर ठेवून आत आला."

भाऊजींना सांग, मी त्यांचा अपमान करायला बोललो नाही. घाईत कधी कधी हात जातो, चांगल्या ऑपरेटरचाही जातो. त्यांनी चूक कबूल केली तर मालक समज देऊन सोडतील असे मला वाटते. मी रात्रभर विचार करीन, पण जे दिसले ते मी बोललो.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

मोजपट्टीस,

गाडी नाही, पण पत्र लिहून ठेवते. मोडेल तेव्हा जाईल.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, दोनदा. करंगळीची फट मोजायला मलाच नेलं, म्हणाले तुझी बारीक आहे, तुझी जात नाही म्हणजे कोणाचीच नाही. गेली नाही! मग काल सुटीच्या दिवशी बुश फिरवला. पंचने ठिपका मारला, तो मला बोट धरून दाखवला, "हा बघ तुझ्या भावाचा टिळा." आज छिन्नीचा आवाज बदललाय म्हणतात. मला आपला तोच ठणठणाट. पण खुशीत आहेत, मघाशी तर आंघोळ करताना गात होते. ज्याला ऐकू येत नाही त्याने गाऊ नये, पण कोण सांगणार.

कुठल्या बाजू झिजल्या होत्या ते तू विचारलंस. ते सांगेनात. मग चुलीजवळ बसून हळूच म्हणाले, "डाव्या-उजव्या." मी म्हटलं, म्हणजे उतारावर? तेव्हा कुठे बोलले. मालक मशीन उभं करायला नवीन टप्पा सपाट करून देत नाही, त्याला वेळ जातो. कलत्या मशीनवर बसवून काम घेतो. मी घाबरेन म्हणून मागच्या पत्रात लिहू दिलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ. तर म्हणाले, "मी नाही गेलो तर मालकाचा पुतण्या जाईल, तो मशीनसकट खाली येईल."

१ मार्च

गाडी आली. आज छिन्नी तुटली रे. मोठा आवाज झाला, तो ह्यांनाही ऐकू आला. हे धडधाकट आहेत, घाबरू नकोस. पण ब्रेकर तडकलाय आणि मालक ओरडतोय की तू उचकटलंस, भरून दे, आणि चालता हो. हे म्हणाले, उतारामुळे झालं, बुश मी फिरवलाय, बघा. मालक म्हणाला, "बघायला तुझ्याच मेहुण्याकडे नेतो की!" आणि बुश घेऊन जीपने पुढे गेला. गाडी मागून निघते आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते.

हे अगदी निर्धास्त आहेत. म्हणाले, "दुसऱ्या कुठे नेला असता तर भीती होती. तिथे आपलं माणूस आहे. तो आधी ठिपका शोधेल."

तुझी ताई


४ मार्च

ताई,

गाडी काल संध्याकाळी पोचली. पत्र वाचले.

बुश भंगाराच्या ढिगात टाकला होता. शोधून काढला, रॉकेलने पुसला. ग्रीसखाली ठिपका आहे. खडूच्या रेघेपासून बरोबर पाव वळसा. भाऊजींनी सुबक मारला आहे.

मी मालकांकडे जातो. काही लिहू नकोस, काही बोलू नकोस, मी जातो.

धाकटा


१० मार्च

धाकट्यास,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मालकाच्याच ड्रायव्हरने आणून दिलं. पत्र हातात ठेवलं आणि त्याच हातासरशी विचारलं, "खोली कधी रिकामी करताय?" तोवर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुझं पत्र मी उंबऱ्यात उभ्यानेच वाचलं. शांत बसून वाच म्हणून लिहिलंयस. कुठे बसू? त्याच्या मागोमाग आलेली माणसं सामान बाहेर काढत होती.

ह्यांना काय वाचून दाखवू ते कळेना. मी म्हटलं, काही नाही, खुशाली आहे. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कान गेलेल्या माणसाला तोंडं फार चांगली वाचता येतात. तुझ्या बुशापेक्षा चांगली. म्हणाले, "त्याने ठिपका नाही बघितला?" मी मान हलवली. एवढंच. तेव्हापासून तुझं नाव काढलेलं नाही, शिवीही दिलेली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तू घाबरला होतास ना? लोक काय म्हणतील म्हणून. लहानपणी फळ्यावर गणित बरोबर असलं तरी पुसून पुन्हा मांडायचास, मास्तर रागावतील म्हणून. नेमकं आज तुला पुसावंसं वाटलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत असताना तुलाच शिकवली होती. तेव्हा तू विचारलं होतंस, दांड्याचा काय दोष, तो तर लाकूडच. आठवतं का बघ.

तू ठिपका मारायला सांगतोस आणि तूच बघत नाहीस. ते जाऊ दे. पण मी पाचवी शिकलेली बाई तुला एक विचारते. तुटली छिन्नी. मग तो माणूस एवढ्या लांब बुश घेऊन का आला, छिन्नी घेऊन का नाही आला? हे तुझ्या एवढ्या मोठ्या वर्कशॉपात एकालाही सुचलं नाही?

आम्ही काट्याजवळ, जिथे भरलेले ट्रक वजन करतात, त्याच्या मागच्या आळीत खोली घेतली आहे. पत्ता खाली देते. द्यावासा वाटत नव्हता.

ताई


२६ मार्च

ती. ताई,

छिन्नीचे तू लिहिलेस तेच उस्तादांनी मला चार तारखेला विचारले होते. म्हणाले, "बुश फिरतो. छिन्नी आडवी फिरत नाही, तिच्या खाचा पिनेत अडकलेल्या असतात. तुटल्या जागी तडा कुठून सुरू झाला ते बघितलं असतं तर उतार की उचकटणं, लगेच कळलं असतं. तू छिन्नी का मागितली नाहीस?" मी म्हटले, उस्ताद, तुम्ही का बोलला नाहीत? ते म्हणाले, "तू एवढ्या ठासून बोललास, मला वाटलं घरातली माहिती असेल."

मालकांकडे मी तीनदा गेलो. पहिल्यांदा भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा फाटकावर मुकादम भेटला. तुटलेली छिन्नी कुठे आहे विचारले, तर म्हणाला, लोहाराकडे दिली, तिच्या पहारी करायला. मी लोहाराकडे गेलो. पहारी झाल्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या.

तिसऱ्यांदा मालक भेटले. मी बुश पिशवीतून नेला होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला आणि ठिपका दाखवला. पाव वळशाचे सगळे नीट समजावून सांगितले, उताराचेही सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, चहा मागवला. मग म्हणाले, "ठिपका काय, मीही मारीन. बुश इतके दिवस तुमच्याच भंगारात होता."

मी म्हणालो, "साहेब, माझ्याच शब्दावर तुम्ही त्यांना काढलंत. आता मीच सांगतोय की चुकलं."

ते म्हणाले, "त्या दिवशी बोललास तो फिटर होतास. आज बोलतोयस तो मेहुणा आहेस. मेहुण्यांचं ऐकून खाण चालत नाही." आणि हसले. चहा पूर्ण पिऊन जा म्हणाले. ताई, मी तो प्यायलो. कप अर्धा ठेवून उठायचे मला सुचले नाही, हे मला येताना सगळ्या वाटेत टोचत होते.

आणखी एक आहे, ते दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहितो. त्या दिवसाची गोष्ट आसपासच्या खाणींत पसरली आहे. मोडके काही आले की मालक लोक म्हणतात, त्या पोराला दाखवा, तो सख्ख्या भाऊजींनाही सोडत नाही. उस्तादांनी मला बाकड्यावरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवले आहे. वरची जागा आहे. मी नको म्हणालो. उस्ताद म्हणाले, "नको म्हणालास तर खाली तुला जागा नाही." आता समोर कुठलाही बुश आला की मी आधी चारही बाजू रॉकेलने पुसतो. लोक म्हणतात, किती काळजीने काम करतो.

भाऊजींना कुठे मशीनवर सीट मिळाली का? मी दोन खाणींत विचारले. दोघांनीही एकच विचारले, "तो उचकटणारा का?" मी सांगत बसलो, ते ऐकत बसले नाहीत.

ब्रेकर दुरुस्त होऊन गेला. त्यात नवा बुश घातला, मीच बसवला. जुना तुम्हाला पाठवत आहे. ठिपका स्वच्छ केला आहे, त्यावर गंज चढू नये म्हणून थोडे ग्रीस लावले आहे. भाऊजींनी नवीन ठिकाणी काम मागताना तो दाखवावा. कसा वाचायचा ते वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवले आहे. कागद तीनदा तपासला, चूक नाही.

मी येऊ का? तू म्हणशील त्या दिवशी येईन.

तुझा धाकटा


३ मे

धाकट्यास,

बुश मिळाला. हमालाने पोतं टाकलं तेव्हा जमीन हादरली. मला वाटलं कुठून तरी काही बरं आलं.

हे पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन बसले आणि आतून बोट फिरवत राहिले. डावीकडून, उजवीकडून. ठिपक्याशी आलं की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मग एका खाणीत घेऊन गेले, हातगाडीवर घालून. तिथल्या माणसाने विचारलं, "हे वाचायचं कसं?" ह्यांनी तुझा कागद दिला. त्याने वाचला, खाली तुझं नाव वाचलं, आणि म्हणाला, "हा तोच ना, ज्याने तुलाच पकडलं? मग आता हा काय म्हणतो?" ह्यांना नीट ऐकू आलं नसावं. ते हसले आणि मान हलवत राहिले. बरोबरच्या पोऱ्याने मला सांगितलं.

आता पहाटे रोजावर घण मारतात, ऊन चढलं की घरी येतात. ब्रेकर ज्या दगडांपर्यंत पोचत नाही ते हाताने फोडायचे असतात. चाळिशीचा ऑपरेटर घण मारतो म्हणून लोक बघायला थांबतात. दांड्याला तेल, डोक्याला पाचर, सगळं नीट ठेवतात. परवा मला म्हणाले, "घणाचं एक बरं असतं. झिजला तर फक्त आपल्याच हाताने झिजतो." एवढ्या दिवसांत तेवढंच बोलले कामाचं.

मालकाचा पुतण्या त्या मशीनवर बसतो. टप्पा सपाट करून घेतला म्हणे. नवीन बुश फार छान बसलाय असं मुकादम सांगत होता. तुझं काम चांगलं आहे, त्यात वाद नाही.

तुझा राग नाही. रागाला जोर लागतो, तो मी घर हलवण्यात घालवला. तू वरच्या टेबलावर बसलास ते बरं झालं, घरातल्या एकाचं तरी बरं व्हावं. खोटं लिहीत नाही. खरंही लिहीत नाही, असं समज.

येऊ का विचारलंस. या खोलीच्या दाराची कडी तुटलेली आहे. ट्रक गेला की दार आपोआप उघडतं आणि सगळी धूळ आत येते. तेव्हा मी कामाला गेले की हे तुझा बुश आतून दाराला लावून ठेवतात. त्याच्यासारखं जड घरात दुसरं काही नाही. बाहेरून कितीही ढकललं तरी दार हलत नाही. आलास तर हाक मारावी लागेल. मी दिवसभर काट्यावर झाडायला असते. घरात हे एकटे असतात, आणि त्यांना ऐकू येत नाही.

ताई